किशनराव मास्तर आणि लाल हळद

किशनराव मास्तर वारल्याचं मला हिंगोलीच्या बाजारात एका भाजीवालीनं सांगितलं. "त्यो फसफसे मास्तर? गेला की मागल्या उन्हाळ्यात," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मेलेल्या माणसाच्या नावानं हसलो म्हणून तिनं लगेच जीभ चावली, तोंडाला पदर लावला, पण पदरामागं खांदे हलतच होते. मग मलाही हसू आलं. वांग्यांच्या ढिगाच्या अल्याड-पल्याड आम्ही दोघं बराच वेळ हसत राहिलो.

निजामाची राजवट आता संपली आहे. जे लढले त्यांच्यावर लिहिलं जात आहे, ते लिहिलंच पाहिजे, मीही लिहिलं आहे. मास्तर लढले नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत सरकारी शाळेत नोकरी केली, महिन्याच्या महिन्याला पगार घेतला, आणि तुरुंगाची भिंत त्यांनी फक्त बाहेरून पाहिली, तीही त्यातले दगड कोणत्या जातीचे आहेत ते तपासायला. तरी मला त्यांच्यावर लिहायचं आहे.

मास्तर उंच, खांद्यात वाकलेले. डोक्याला रुमाल आणि अंगात बारा महिने एकच काळा कोट. या कोटाला बटणं कमी आणि भोकं जास्त होती, आणि एकही भोक कसरीनं पाडलेलं नव्हतं. सगळी तेजाबाची. कोटाच्या आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेली एक निळी बाटली असे. तिच्यात पाणी घालून सौम्य केलेलं तेजाब. इतर लोक तंबाखूची चंची बाळगतात तशी मास्तर ही बाटली बाळगत. रस्त्यात नवा दगड दिसला की उकिडवे बसायचे, काचेचं बूच काढून एक थेंब टाकायचे आणि कान लावायचे.

आपल्याकडचा दगड काळा. त्याच्यावर तेजाब टाका नाहीतर गंगाजल टाका, तो गप्प. पण ओढ्याकाठच्या पांढऱ्या चुनखडीवर थेंब पडला की ती चुरचुरते, फेस धरते. तसा फेस आला की मास्तरांचा चेहरा असा खुलायचा, की जणू बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या नातेवाइकानं ओळख दिली.

एकदा तहसील कचेरीत लांबून मागवलेली नवी फरशी बसवली. मास्तर कसल्याशा दाखल्यासाठी गेले होते. तहसीलदारसाहेब सही करायला खाली पाहतात तोवर मास्तर टेबलाखाली. "काय करून राहिले मास्तर?" साहेबांनी पाय वर घेत विचारलं. टेबलाखालून आवाज आला, "साहेब, मुबारक हो! तुमची फरशी चुन्याच्या दगडाची निघाली!" साहेबांना वाटलं, गुत्तेदारानं फसवलं. त्यांनी गुत्तेदाराला बोलावून घेतलं, झाप झाप झापलं. मास्तर मधे पडून सांगत होते की हा फार चांगला दगड आहे, बोलका दगड आहे. शेवटी फरशीवर राहिलेला पांढरा डाग पाहून साहेबांनी दोघांनाही बाहेर काढलं. दाखला मिळाला नाही. मास्तर खुशीत घरी आले.

मी तेव्हा त्यांच्या माळवदाच्या घरात पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. दिवसा एका अडत दुकानात कारकुनी करायचो, आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचो. वाचायला शिकलो तेच मुळी पत्रकांवर, त्यामुळे साध्या वाक्याच्या शेवटीही मला उद्गारचिन्ह दिसायचं. ही पत्रकं हद्दीपलीकडे वऱ्हाडात छापली जात आणि गवताच्या पेंढ्यांतून परत येत. मास्तरांना हे ठाऊक होतं. ते मला 'संपादकसाहेब' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण ती कधी दाराबाहेर गेली नाही.

शाळेत शिकवणं उर्दूतून चाले. मास्तर नियमाप्रमाणे उर्दूत सुरू करत, "नमक और तेजाब का अमल," म्हणजे क्षार आणि आम्ल यांची क्रिया, आणि पहिला बुडबुडा वर आला की मराठीवर येत. "काहून की," ते म्हणत, "फेस काही हुकूम वाचून येत न्हाई." सरकारकडून शाळेला तेजाब क्वचित येई, आणि आलं तरी अर्धं मास्तरांच्या निळ्या बाटलीत जाई. मग ते चिंच, लिंबू, आंबट ताक यांवर वर्ग चालवत. शिकवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती.

"नमक म्हंजी एक घर," ते सांगत. "त्यात एक कमजोर तेजाब आधीपासून बिऱ्हाड करून राहून राहिलं. बाहेरून जोरदार तेजाब आलं, की ते या कमजोराला घराबाहेर काढतं. सोड्यातलं कमजोर तेजाब लई हलकं. बाहेर काढलं की त्याची हवाच होते. ही फसफस ऐकू येती ना? ती त्याची बोंब हाये."

एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. गोरेपान, लठ्ठ, आणि सकाळी कुणाच्या तरी घरी भरपूर जेवून आलेले. वर्गात येऊन खुर्चीवर बसले ते पोट धरूनच. प्रयोग दाखवा म्हणाले. मास्तरांनी एका पेल्यात पाणी घेतलं, खाण्याचा सोडा घातला, लिंबू पिळलं आणि तो फसफसता पेला वर्गाला न दाखवता थेट साहेबांच्या हातात दिला. "हुजूर, पिऊन टाका." साहेबांनी दचकून पाहिलं, पण पोटातली तकलीफ मोठी असावी. घटाघट प्यायले. वर्ग श्वास रोखून बसला. मग साहेबांना ढेकर आला. असा आला, की खिडकीतलं कबूतर उडालं. मास्तर शांतपणे पोरांकडे वळले आणि छडीनं साहेबांकडे दाखवत म्हणाले, "देखो बच्चो, यही है वो हवा."

साहेब रागावतील असं सगळ्यांना वाटलं. साहेबांनी पोटावरून हात फिरवला, दुसरा पेला मागितला आणि शाळेबद्दल चांगला शेरा लिहून गेले.

माझ्या एका पत्रकात मी मास्तरांचंच रसायन वापरलं होतं. 'जनता हे तीव्र आम्ल आहे! जुलमी सत्ता हे या भूमीच्या क्षारात दडून बसलेलं दुबळं आम्ल! तीव्र आम्ल उसळेल आणि दुबळं हवेत विरेल!' असं काहीतरी. मला ते फार जमल्यासारखं वाटलं होतं. मास्तरांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"संपादकसाहेब, रसायन बराबर हाये. पण पुढचं लिहायचं ऱ्हायलं."

"पुढचं कोणतं?"

"जोरदार तेजाब कमजोराला बाहेर काढतं, इथवर झालं. मंग ते घर मोकळं सोडतं का? न्हाई. सोताच तिथं बिऱ्हाड करतं. भाडेकरू बदलला, येवढंच. तुमाला हेच पाह्यजे का?"

मी चिडलो. ज्यांचं मीठ खाता त्यांची बाजू घेता, असंही बोललो. ते म्हणाले, "मी बाजू न्हाई घेत. मी फक्त फळा पुसायच्या आधी उत्तर पुरं लिहितो." पत्रक मी तसंच छापायला धाडलं. हल्ली कचेऱ्यांमधून हिंडताना जुन्या खुर्च्यांवर नवी माणसं जुन्याच पद्धतीनं बसलेली पाहतो, तेव्हा ते अर्धवट राहिलेलं उत्तर मला छळतं.

मास्तरांच्या घरात मात्र या रसायनाचा कुणाला आनंद नव्हता. त्यांच्या पत्नी गिरजाबाई म्हणायच्या, "लोकाचे नवरे दारूपायी बदनाम होते, आमचे तेजाबापायी." हे गमतीनं म्हणत, पण त्यात एक खरं दुखणं होतं. मुलगी कौसा लग्नाची झाली होती, होऊन बरेच दिवस लोटले होते, आणि स्थळं फिरकत नव्हती. कळमनुरीकडचं एक चांगलं घर जवळजवळ ठरलं होतं. मास्तर बोलणी करायला तिथं गेले. बोलणी संपली, सुपारी फुटायची तेवढी राहिली. मास्तरांची नजर देवघराकडे गेली. देव्हारा पांढराशुभ्र. झालं. थोड्या वेळानं देवघरातून त्यांचा आवाज आला, "संगमरवर! अस्सल!" आणि मागोमाग घरातल्या बायकांची किंकाळी. देव्हाऱ्याच्या कडेवर फेस चढत होता.

ते स्थळ गेलं, आणि पोरीचा बाप देवावर तेजाब टाकतो ही बातमी गेली त्याच्याही पुढं.  कौसा सावळी, शांत, कामात झरझर. बापाचे सगळे धडे तिनं चुलीपाशी बसून ऐकलेले, कारण मास्तर उद्याचा वर्ग आज स्वयंपाकघरात घेऊन पाहत.

शेवटी शिरड शहापूरच्या मुंजाजी पाटलांनी आपल्या धाकट्या मुलासाठी तिला मागणी घातली. पाटील म्हणजे भला धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, बोलणं फार कमी. बोललेला शब्द मागं घेत नाहीत अशी त्यांची ख्याती होती, चांगली आणि वाईटही. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं. गिरजाबाईंनी सुपारी फुटली त्याच दिवशी निळी बाटली मागून घेतली, पेटीत ठेवली आणि किल्ली कंबरेला लावली.

"लगीन लागल्यावर मिळंल," त्या म्हणाल्या.

"अगं, पण मी काही..."

"लगीन. लागल्यावर."

बाटलीवाचून मास्तर सैरभैर झाले. मांडव घातला तेव्हा ते खांबाखांबाशी उगाच थांबायचे, खिशात हात घालायचे, काढायचे. हाताला काही काम हवं म्हणून त्यांनी लग्नाची भांडी घासायचं अंगावर घेतलं. गल्लीतून मागून आणलेली पातेली तेलकट, त्यावर धुण्याचा सोडा रामबाण. त्यांनी एका तांब्याच्या कळशीत सोड्याचं चांगलं दाट पाणी केलं, वर स्वच्छ ताटली झाकली, कळशी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला बजावलं, "याला कोणी हात लावायचा न्हाई हं. हे खास पाणी हाये."

आता लग्नघरात तांब्याची कळशी, तुळशीपाशी, झाकलेली, आणि कुणी शिवायचं नाही म्हटल्यावर बायकांनी काय समजावं? हळद कालवायचं पाणी पाच सवाष्णींनी आणून असंच वेगळं झाकून ठेवतात. ज्यांनी आणायला जायचं त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणी आधीच आणून ठेवलं. कौसाच्या मावशीनं तर कळशीला हळद-कुंकूही लावलं.

पाटलांचं वऱ्हाड आदल्या दिवशीच हिंगोलीत येऊन जानोशाला उतरलं होतं. आधी हळद नवरदेवाला लागली. त्याच्या अंगाची उरलेली ती उष्टी हळद, आणि नवरीला तीच लावायची रीत. दुपारी वाजंत्री लावून ती हळद आमच्या दारी आली. सोबत नवरदेवाची आई, म्हणजे विहीणबाई, आणि तिच्या मागं साऱ्या करवल्या. पिवळीधमक हळद परातीत ओतली, पुरायची नाही म्हणून घरची हळद आणखी घातली, मावशीनं कळशीची ताटली काढली आणि धार सोडली. बायकांची गाणी चालू होती. मावशीनं हात घालून कालवलं.

गाणं अर्ध्यात तुटलं.

"अगं माय! रगत!"

परातीत लालभडक चिखल झाला होता. मावशीचा हात मनगटापर्यंत लाल. कुणीतरी घाईनं कौसाच्या हाताला थोडी लावून पाहिली, तर तिचाही तळवा लाल.

"आमच्या पोराच्या अंगावर पिवळी व्हती!" विहीणबाई ओरडली. "तुमच्या दारात आली अन् रगत झालं!"

"तुमीच काही कालवून आणलं असंल!" मावशी म्हणाली.

"आमी? आमी काहून कालवू? आमचं पोरगं काय वाऱ्यावर पडलंय?"

वाजंत्र्यांनी वाजवायचं थांबवलं. आरडाओरडा ऐकून जानोशावरून मुंजाजी पाटील आले, मागं पुरुष मंडळी. आणि तेवढ्यात मागच्या अंगणातून, कोपरापर्यंत ओले हात घेऊन किशनराव मास्तर आले. त्यांनी परात पाहिली. सगळ्या मांडवाचं लक्ष त्यांच्याकडे. मास्तरांचा चेहरा उजळला.

"अरे वा!" ते म्हणाले.

त्या एका 'अरे वा'नं लग्न निम्मं मोडलं.

"मास्तर," पाटील सावकाश म्हणाले, "काय वा हाये यात?"

"पाटील, घाबरू नका. हे माझ्या सोड्याचं पाणी. हळद खारात गेली की लाल होती. पुन्हा पिवळी करता येती. आता दाखवतो. लिंबू आणा कोणी!"

मी त्यांचा हात धरायला हवा होता, पण मीही त्यांच्याइतकाच खुळा. लिंबू मीच आणून दिलं. मास्तरांनी शाळेतल्या शिस्तीप्रमाणे आधी थोडीशी हळद एका वाटीत घेतली आणि लिंबू पिळलं. वाटी फसफसली. लाल फेस कडेवरून उतू गेला, आणि फेसाखाली हळद पिवळी होत होती. रसायनाच्या दृष्टीनं याहून सुरेख प्रयोग नाही. पण लग्नघराच्या दृष्टीनं पाहा: लिंबू, हळद, लाल पाणी, वर उकळल्याशिवाय आलेला फेस. करणीचं याहून पुरं सामान कुणी सांगावं! बायका मागं पळाल्या. एकीचा पाय संबळात अडकला. मावशी राम राम म्हणत तुळशीआड झाली.

"पिवळी झाली!" मास्तर वाटी उंच धरून ओरडत होते. "पाहा, पिवळी झाली!"

मुंजाजी पाटलांनी वाटीत वाकून पाहिलं. नीट पाहिलं. मग ताठ झाले.

"मास्तरनं लिंबानं उतरवली," ते म्हणाले. "उतरवली, म्हंजी करणी व्हती." आणि भावाकडे वळून, "गाड्या जुपा."

गिरजाबाई विहीणबाईला विनवू लागल्या. मला मात्र अंगात वीज भरल्यासारखं झालं. याच दिवसासाठी मी आयुष्यभर वाचत आलो होतो. मी ओट्यावर चढलो. "बंधूंनो! भगिनींनो! या विसाव्या शतकात..."

माझं धोतर कुणीतरी खालून ओढलं. मास्तर होते. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "संपादक, उतरा खाली. आज माझ्या पोरीचं लगीन हाये. विसावं शतक मागून पाहू."

मी उतरलो. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला होता.  आणि पाटावरून कौसाचा आवाज आला. रडका नाही, ओरडून नाही. घरात भाजीत मीठ घातलं का विचारावं तसा.

"माय, कढीचं दही कुठं हाये?"

गिरजाबाईंना कळेना. "काय?"

"दही. सगळं आण."

मग तिनं विहीणबाईकडे पाहिलं. "आत्याबाई, दही तर चालतं ना? पोरगी घरातून निघते तवा हातावर दहीच देते."

विहीणबाई गोंधळली. "दही चालतं. दह्याला काहून न्हाई चालायचं?"

मोठं मडकंभर दही आलं. कौसानं ते परातीत ओतलं आणि आपल्या हातानं कालवू लागली. लिंबासारखा तमाशा झाला नाही. बारीक बुडबुडे आले, नुसती कुजबुज केल्यासारखे, आणि फुटले. लाल रंग आधी विटकरी झाला. ती कालवत राहिली, आणखी दही घेतलं. शेंदरी झाला. करवल्या एकेक पाऊल पुढं आल्या. कौसा मान वर न करता कालवत होती, आणि परात पिवळी झाली. जरा फिकट, पण पिवळी.

विहीणबाईनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं, बोटावर चोळलं. मग कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली.

"आवो! दह्यानं कुठं करणी उतरती का?"

पाटलांनी परातीत वाकून पाहिलं.

"दही म्हंजी शुभाचं. दह्यानं उतरली, म्हंजी करणी नव्हतीच! पाणी खराब व्हतं, बस. सोडा ते बैल."

सगळा मांडव 'व्हय व्हय' म्हणू लागला. आणि मी पाहिलं, की मास्तरांचं तोंड उघडलं. "पण लिंबू अन् दही दोन्ही..." एवढंच ते म्हणाले, कारण गिरजाबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला होता, आणि त्या काही हलक्या बाई नव्हत्या. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, पाटावरच्या पोरीकडे पाहिलं. कौसानं अगदी थोडी मान हलवली. मास्तरांनी तोंड मिटलं. या माणसानं तहसीलदाराच्या टेबलाखालून खरं सांगितलं होतं. आज त्यानं जन्मात पहिल्यांदा फळ्यावरची चूक तशीच राहू दिली. त्याचे डोळे पाणावले होते, ते पोरीपायी की चुकीपायी, मला सांगता येणार नाही.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. लग्न लागलं. जेवणात कढी नव्हती, आणि त्याबद्दल वऱ्हाडानं जी बोलणी केली ती सगळ्यांनी आनंदानं ऐकून घेतली.

संध्याकाळी मी मास्तरांवर तुटून पडलो. "तुम्ही खोटं चालू दिलंत. लिंबानं करणी उतरते हे त्यांच्या डोक्यात तसंच राहिलं."

"खोटं?" मास्तर पत्रावळी गोळा करत होते. "सोडा बराबर होता. तेजाब बराबर होतं. रंग बराबर आला. कारण तेवढं चुकलं. मी निम्मे गुण दिले असते."

"आणि बाकीचे निम्मे?"

 त्या निम्म्या गुणांनी ते बेचैन होते हे दिसतच होतं. एकच पत्रावळ ते दोनदा उचलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरातीची तयारी चालली होती. मास्तर आणि मी तुळशीपाशी उभे होतो. मुंजाजी पाटील एकटेच आले. डोक्याला पटका नाही, हातात काठी नाही. कट्ट्यावर कालची लिंबाची वाटी पडली होती. भीतीनं तिला कुणी उचललं नव्हतं. पाटलांनी ती उचलली. तळाशी पिवळं वाळून बसलं होतं.

"इवाई," त्यांनी आपल्या नव्या व्याह्याला हाक मारली, "यात बी पिवळीच झाली व्हती. काल पाहिलं मी."

"व्हय."

"लिंबानं पिवळी. दह्यानं बी पिवळी. मंग दोन्ही एकच का?"

मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गिरजाबाई तिथं उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, आणि आत निघून गेल्या.

मग मास्तर बोलले. वर्गातल्यासारखं नाही, छडी नाही, उर्दू नाही. हळू आवाजात सांगितलं, की आंबट म्हणजे तेजाब, मग ते लिंबातलं असो की दह्यातलं, आणि ते सोड्याचा खार मारतं. खार गेला, की हळद आपल्या रंगावर येते. पाटील वाटी हातात फिरवत ऐकत होते.

"म्हंजी लाल व्हायला करणीच पाह्यजे असं न्हाई."

"न्हाई. सोडा पुरे. चुना पुरे. राख बी पुरे."

"राख?" पाटलांचा हात थांबला.

"राखेत बी तसाच खार असतो. राखेनं घासलेली परात नीट धुतली न्हाई, तरी हळद लाल होईल."

पाटील तुळशीच्या कट्ट्यावर बसले. एवढा मोठा माणूस, पण बसला तेव्हा आवाज झाला नाही.

"माझ्या थोरल्या पोराच्या वक्ताला," ते म्हणाले, "वारंगा गावची पोरगी केली व्हती. तिच्या दारात हळद लाल झाली. थोडीच. कडेकडेनं. मी गाड्या फिरवल्या." त्यांनी वाटी कट्ट्यावर ठेवली. "थोरल्याला दुसरी केली. त्या पोरीला पुन्हा कोणी मागितलं न्हाई. बापाच्या घरीच हाये अजून. लोक तिच्या हातचं पाणी बी घेत न्हाई म्हणते." मग त्यांनी मान वर केली. "तिच्या घरी भांडी राखेनं घासत असतील का हो मास्तर?"

"सगळेच राखेनं घासतेत, पाटील," मास्तर म्हणाले.

मी तिथं होतो. माझ्याकडे रूढींवर, अज्ञानावर जळजळीत शब्दांचा साठा होता, आणि त्यातला एकही शब्द मला त्या वेळी बाहेर काढावासा वाटला नाही.

वरात शिरड शहापूरकडे निघाली. कौसा पुढच्या गाडीत होती. तिच्या गाडीमागं सगळ्या गाड्या गेल्या, फक्त एक छोटी दमणी मागं थांबली. पाटलांनी गाडीवानाला उतरवलं आणि कासरा स्वतः हातात घेतला. मास्तर शाळेत रजेचा निरोपही न देता त्यांच्या शेजारी चढून बसले. गिरजाबाईंनी कंबरेची किल्ली काढून पेटी उघडली, निळी बाटली पुढं केली, पण मास्तरांनी हातानंच नको म्हटलं.

मास्तर परतायच्या आतच माझ्या नावाचं वॉरंट निघालं आणि मी हद्दीपलीकडे गेलो. पुढं वारंग्याला काय झालं, त्या पोरीच्या बापानं दोघांना दारात उभं केलं की नाही, मला माहीत नाही. मास्तर मला दिसले ते त्या सकाळी, शेवटचे. बैल चालू लागले तशी दमणी हिंदकळली आणि मास्तरांनी बोलायला सुरुवात केली. पाटलांनी त्यांना थांबवलं.

"तुमी तिथं काही बोलायचं न्हाई, इवाई. गाड्या मी फिरवल्या व्हत्या. मीच सांगणार. मला पुरतं पाठ करून द्या."

"बरं. म्हणा मंग. राखेत खार असतो."

"राखेत खार असतो."

"तो हळदीला लागला..."

"तो हळदीला लागला, की हळद... पिवळी होती."

"लाल, पाटील, लाल! पुन्हा पहिल्यापासून."

"राखेत खार असतो," पाटील बैलांच्या पाठीकडे पाहत मोठ्यानं म्हणू लागले, आणि दमणी वळणाआड गेल्यावरही तो भरडा आवाज ऐकू येत राहिला, अडखळणारा, पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा.